व्हॅन डीमेन्स लँडच्या कैदी बायका आणि नोंदवहीतलं एक पान

ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर मेरी रीबीचं चित्र आहे. 1790 मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या कोर्टाने तेरा वर्षांच्या या मुलीला घोडाचोरीसाठी सात वर्षं हद्दपार केलं. पकडली गेली तेव्हा तिने मुलाचा वेश केला होता. 1792 मध्ये ती सिडनीला पोचली. पुढे लग्न झालं, सात मुलं झाली, 1811 मध्ये नवरा वारला, आणि त्यानंतर तिने गोदामं, जहाजं आणि जमिनींचा कारभार इतका वाढवला की वसाहतीतल्या श्रीमंतांत तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. गोष्ट खरी आहे, पण हद्दपार झालेल्या सर्वसाधारण बाईच्या आयुष्याची कल्पना तिच्यावरून करू नये. 1788 ते 1868 या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे 1,62,000 कैदी ऑस्ट्रेलियात धाडले गेले. त्यांत बायका साधारण 25,000 होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला गेल्या. नोटेवर जागा मिळाली ती एकीला.

आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं, आणि त्याबरोबर कोठडी, साखळदंड, कोलू. अंदमानची वसाहत सुरू झाली 1858 मध्ये. टास्मानियाला कैदी पाठवणं त्याआधी पाच वर्षं, 1853 मध्ये बंद झालं होतं. अंदमानचं चित्र डोक्यात ठेवून टास्मानियाकडे पाहिलं तर या बायकांची शिक्षा कळत नाही. त्यांतल्या बहुतेकींना शिक्षेचा बराच काळ तुरुंगात काढावा लागला नाही. त्या लोकांच्या घरी राबत होत्या. परक्याच्या घरची बिनपगारी मोलकरीण होणं हीच शिक्षा होती, आणि घर आणि तुरुंग यांच्यामध्ये त्यांची सारखी ने-आण चालायची. ही ने-आण समजली की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

गुन्हे बहुतांशी चोरीचे. मालकिणीचे कपडे, दुकानातला कापडाचा तागा, दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकाच्या खिशातलं घड्याळ. शिक्षा सात वर्षांची, चौदा वर्षांची किंवा जन्मठेप. 1840 नंतर दहा वर्षांचीही दिसू लागते. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, त्या वर्षांत आग लावल्याबद्दल शिक्षा झालेल्या आयरिश बायका नोंदींत वाढतात. त्यांतल्या काहींनी हद्दपारी मिळावी म्हणूनच गंजी पेटवली होती. तिकडे निदान खायला मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब.

कागदावर सात वर्षं असली तरी बाईसाठी हा प्रवास बहुधा एकाच दिशेचा होता. मुदत संपलेला पुरुष एखाद्या जहाजावर खलाशी म्हणून चढून, काम करत परत जाऊ शकत असे. बाईला खलाशाचं काम कोणी देत नव्हतं आणि परतीच्या भाड्याचे पैसे तिच्याकडे नसायचे. इंग्लंडमध्ये मागे राहिलेली मुलं बहुतेकींना पुन्हा दिसली नाहीत.

प्रवास साधारण साडेतीन-चार महिन्यांचा. सुरुवातीच्या काळात तो याहून कितीतरी लांबायचा: बायकांना घेऊन जुलै 1789 मध्ये निघालेलं 'लेडी ज्युलियाना' सिडनीला पोचलं ते जून 1790 मध्ये. 1815 नंतर प्रत्येक कैदी जहाजावर नौदलाचा डॉक्टर नेमायची पद्धत बसली आणि कैद्यांच्या बाबतीत त्याचा शब्द चालू लागला. डेक धुणं, अंथरुणं वर आणून वाऱ्याला टाकणं, लिंबाचा रस देणं हे तो रोज पाहायचा, त्यामुळे वाटेतले मृत्यू पुष्कळ कमी झाले. बायकांचे सहा-आठ जणींचे गट पाडत. रेशन गटाला मिळायचं आणि ते आणण्या-वाटण्याची जबाबदारी गटातल्या एकीवर असायची. धोका मात्र कायमचाच. 1833 मध्ये 'अँफिट्राइट' फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, बूलोनपाशी वाळूत रुतून फुटलं. शंभरावर बायका आणि त्यांची मुलं बुडाली, वाचले ते तीन खलाशी. 1835 मध्ये आयर्लंडहून आलेलं 'नेव्हा' किंग आयलंडच्या खडकांवर आदळलं. जवळपास दोनशे चाळीस माणसांतली पंधरा उरली.

तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्रायने आणि तिच्या सोबतच्या स्त्रियांनी लंडनच्या न्यूगेट तुरुंगात काम सुरू केलं, तेव्हा बायकांना जहाजाकडे उघड्या गाड्यांतून, लोकांच्या शिव्या आणि चिखल झेलत नेलं जात असे. त्यांनी बंद गाड्यांची सोय करवून घेतली आणि प्रत्येक बाईला एक बोचकं देण्याची पद्धत पाडली. त्यात बायबल, एप्रन, टोपी, सुया, टाचण्या, दोरा, अंगुस्तान, कात्री आणि कापडाचे तुकडे असायचे. तुकडे जोडून वाटेत गोधडी शिवायची आणि उतरल्यावर विकून चार पैसे करायचे, असा विचार. यातली एकच गोधडी पुराव्यानिशी आज हातात आहे. 'राजा' हे जहाज 5 एप्रिल 1841 ला वुलिचहून 180 बायका घेऊन निघालं आणि 19 जुलैला होबार्टला लागलं. त्या 105 दिवसांत बायकांनी 2,815 तुकडे जोडले. गोधडी सव्वातीन मीटरहून थोडी मोठी, जवळजवळ चौरस आहे. मधल्या चौकोनात छापील कापडातून कापलेली फुलं आणि पक्षी टाचले आहेत, आणि कडेला रेशमी धाग्याने कापड देणाऱ्या समितीचे आभार भरले आहेत. जवळून पाहिलं तर टाके एका हाताचे नाहीत हे लगेच कळतं. काही बारीक आणि एकसारखे, काही लांब आणि वाकडे, आणि एका ठिकाणी रक्ताचे बारीक डागसुद्धा. त्यांतल्या कित्येकींनी सुई तिथेच पहिल्यांदा धरली असावी. आज ती कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आहे. कापड नाजूक असल्यामुळे कधीमधीच बाहेर काढतात, म्हणून जाण्याआधी चौकशी करावी.

होबार्टला जहाज लागलं की कारकून जहाजावर चढत. उंची, रंग, डोळे, केस, व्रण, गोंदण, जन्मगाव, नातेवाइकांची नावं, काय काम येतं, लिहिता-वाचता येतं का, लग्न झालंय का, याआधी किती वेळा तुरुंग पाहिला, सगळं लिहून घेतलं जाई. कारकुनाकडे इंग्लंडहून आलेले तुरुंगाचे कागद आधीच असत, म्हणून खोटं बोलण्यात फारसा अर्थ नव्हता. यातून प्रत्येकीचं मोठ्या काळ्या वहीत एक पान तयार होई. पुढची सगळी वर्षं याच पानावर भर पडत जाई.

मग वाटप. घरात मोलकरीण हवी असलेला वसाहतवाला अर्ज करायचा आणि त्याला बाई 'असाइन' व्हायची. त्याने जेवण, कपडे आणि झोपायला जागा द्यायची. पगार नाही. मारझोडीचा अधिकार त्याला नव्हता. तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. ऐकायला हे बरं वाटतं, पण मॅजिस्ट्रेट आणि मालक एकाच पंगतीत जेवणारे, आणि घरात दार लावल्यावर काय होतं ते सांगायला बाईपाशी साक्षीदार नसायचा. मालक वाईट निघाला तर सुटकेचा एक रस्ता होता आणि तो पुष्कळ जणींनी वापरला: काम नाकारायचं, उलट उत्तर द्यायचं, रात्री परत यायचंच नाही. शिक्षा होऊन फॅक्टरीत, म्हणजे बायकांच्या तुरुंगात, रवानगी झाली की त्या घरातून तरी सुटका. म्हणून अशा बाईच्या पानावर गुन्ह्यांची रांग दिसली तर ती बाई वाईट, असा निष्कर्ष घाईने काढू नये. एकाच मालकाच्या नावापुढे वेगवेगळ्या बायकांचे असेच गुन्हे सापडत असतील, तर त्या घराबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

फॅक्टरी, म्हणजे 'फीमेल फॅक्टरी', एकाच भिंतीच्या आत तुरुंग, कारखाना, मोलकरणींचा पुरवठा करणारं ठाणं आणि बाळंतपणाचं ठिकाण. सिडनीजवळ पॅरामॅटाला होती, लॉन्सेस्टनला होती, रॉसला होती. सगळ्यांत जास्त बायका गेल्या त्या होबार्टच्या कॅस्केड्स फॅक्टरीत. 1828 मध्ये एक जुनी दारूभट्टी घेऊन ती उभारली. जागा निवडताना भिंत आहे, पाणी आहे आणि शहरापासून अंतर आहे एवढंच पाहिलेलं दिसतं. माउंट वेलिंग्टनच्या पायथ्याशी अरुंद दरी, शेजारून ओढा. हिवाळ्यात सूर्य उशिरा यायचा आणि लवकर जायचा, जमीन ओलसर, ओढ्याला पूर आला की पाणी आवारात. 1840 च्या सुमारास तिथे पाचशेच्या वर बायका कोंबल्या होत्या.

आत तीन वर्ग. नव्याने आलेल्या आणि वाटेत वागणूक चांगली असलेल्या, किंवा मालकाकडून चांगला शेरा घेऊन परतलेल्या पहिल्या वर्गात. त्यांना स्वयंपाक, देखरेख, दवाखान्यातली कामं आणि नव्या मालकाकडे जाण्याची मुभा. किरकोळ गुन्हेवाल्या दुसऱ्यात, त्यांना शिवणकाम. तिसरा क्राइम क्लास: कपडे धुणं, लोकर पिंजणं, सूत कातणं. कोण कुठल्या वर्गातली हे कपड्यावरूनच कळायचं. दुसऱ्या वर्गाच्या जॅकेटच्या डाव्या बाहीवर मोठं पिवळं 'सी'. तिसऱ्या वर्गाला तीन: पाठीच्या मधोमध, उजव्या बाहीवर आणि पेटीकोटच्या मागच्या बाजूला. पहिल्या वर्गाला खूण नाही.

1829 च्या नियमांत जेवण असं आहे: सकाळी पाव पौंड ब्रेड आणि एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडी जास्त) पेज, दुपारी अर्धा पौंड ब्रेड आणि एक पाइंट सूप, संध्याकाळी पाव पौंड ब्रेड आणि पुन्हा एक पाइंट सूप. सुपात 100 क्वार्टला 25 पौंड मांस, दाट व्हायला भाज्या आणि वाटाणे किंवा बार्ली. हिशेब करून पाहा: 100 क्वार्ट म्हणजे 200 पाइंट, म्हणजे पाइंटमागे दोन औंस, साधारण 57 ग्रॅम. दिवसाला दोन पाइंट धरले तरी 115 ग्रॅमच्या आतच, आणि त्यातलं हाड धरूनच वजन. दिवसभर थंड पाण्यात धुणं बडवणाऱ्या बाईला हे पुरत नव्हतं. अंगावर बाळ पिणारी असेल तर नाहीच नाही. त्यामुळे भिंतीपलीकडून तंबाखू, चहा, साखर, मांस, दारू आत येण्याचा चोरटा व्यापार कधीच थांबला नाही.

धुणं हा क्राइम क्लासचा गाभा होता. फॅक्टरीतलं स्वतःचं, दवाखान्याचं, अनाथाश्रमाचं आणि पैसे देऊन धुऊन घेणाऱ्या होबार्टच्या घरांचं. पाणी ओढ्यातलं, डोंगरावरून आलेलं, हिवाळ्यात बर्फासारखं. ओल्या कपड्यांतच दिवस जायचा आणि ते वाळायला ऊन नसायचं. छातीचे आजार, सांधे धरणं, भेगाळलेले हात ही त्याची पुढची पायरी.

शिक्षेचे आणखी प्रकार म्हणजे पाणी-ब्रेडवर अंधारकोठडी, सुरुवातीच्या काळात गळ्यात लोखंडी कडं, आणि केस कापणं. बायकांना सगळ्यांत जास्त राग यायचा तो केस कापण्याचा. कोठडीतून बाहेर आलं की ती संपली, पण कापलेले केस महिनोन् महिने रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगत राहायचे की ही फॅक्टरीतून आलीय.

आता बाळंतपण. या व्यवस्थेचं सगळ्यांत वाईट अंग तेच, आणि त्यावर थोडं जास्त थांबायला हवं. असाइन केलेली बाई गरोदर राहिली की मालकाच्या लेखी ती निकामी. तिला फॅक्टरीत परत पाठवत. बाप कोण हे पानावर बहुधा लिहिलेलं नसतं, मग तो मालक असो, मालकाचा मुलगा असो की बरोबरचा कैदी. बाळंतपण फॅक्टरीत. अंगावर पाजायची मुदत काही महिन्यांची. ती संपली की बाळ नर्सरीत ठेवायचं आणि आईने क्राइम क्लासमध्ये सहा महिने भरायचे. म्हणजे लग्नाबाहेर मूल झालं, हाच गुन्हा. अंगावरचं दूध एकदम तोडून ओलसर, गच्च भरलेल्या खोलीत ब्रेड आणि दुधावर टाकलेल्या बाळाला हगवण लागणं ठरलेलंच. एकाला लागली की शेजारच्या सगळ्यांना, कारण एका खाटेवर अनेक बाळं असत. बाहेर फिरवायला ना हात मोकळे होते, ना उन्हाची जागा. 1838 मध्ये एका बाळाच्या मृत्यूची चौकशी झाली, वर्तमानपत्रांनी ओरड केली आणि नर्सरी शहरात लिव्हरपूल स्ट्रीटवर हलवली. पण गर्दी आणि दूध तोडण्याची पद्धत तीच राहिली, त्यामुळे बाळं मरत राहिली. दोन-तीन वर्षांपर्यंत जगलेलं मूल न्यू टाउनच्या अनाथाश्रमात जाई. आई जिवंत, त्याच शहरात, तरी मूल अनाथाश्रमात. शिक्षा संपल्यावर, किंवा लग्न झाल्यावर, अर्ज करून काही आयांनी मुलं परत मिळवली. बाकीच्यांची मुलं तिथून थेट कुणाच्या तरी घरी कामाला लागली.

या बायका सगळं मुकाट सोसत होत्या असं समजू नये. ऑक्टोबर 1827 मध्ये पॅरामॅटाला रेशन कमी केलं तेव्हा त्या दरवाजा फोडून गावात गेल्या, दुकानांतून ब्रेड आणि मांस घेतलं, आणि सैनिक मागे असताना एप्रन भरून ते आत आणलं. कॅस्केड्सला 1840 च्या आसपास 'फ्लॅश मॉब' नावाची टोळी होती. दागिने घालून मिरवणं, गाणी म्हणणं, पाद्र्याची टवाळी, आणि आतला सगळा चोरटा व्यापार त्यांच्या हातात. अधिकारी त्यांना घाबरून होते हे 1841 मध्ये नेमलेल्या चौकशी समितीच्या कागदांतून दिसतं.

1844 पासून नव्याने आलेल्या बायकांना आधी डर्वेंट नदीत नांगरलेल्या 'अँसन' या जुन्या युद्धनौकेवर सहा महिने ठेवत आणि घरकाम, शिवण शिकवून मग पगारी कामाला सोडत. आधीच्या व्यवस्थेपेक्षा हे बरं. पण मालकाची मर्जी, मॅजिस्ट्रेट आणि फॅक्टरी ही साखळी तीच.

लग्नाला सरकारची परवानगी लागे. दोघांची नावं, जहाजं, वागणुकीचे शेरे तपासून होकार किंवा नकार येई. होकार आला की बाई व्यवहारात नवऱ्याच्या ताब्यात दिल्यासारखी. फॅक्टरीतून बाहेर पडायचा हा सर्वांत लवकरचा मार्ग होता, म्हणून पुष्कळ लग्नं पटापट ठरली. त्यातली कित्येक टिकलीही.

कुणाला एखाद्या बाईचं पान स्वतः वाचायचं असेल तर टास्मानियाच्या सरकारी दप्तराची ही पानं स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. 'लायब्ररीज टास्मानिया'च्या नावांच्या सूचीत नाव टाकायचं. 1843 पर्यंत आलेल्या बायकांची वर्तणूक-पानं 'कॉन 40' मालिकेत, 1844 पासूनच्यांची 'कॉन 41' मध्ये. लग्नाच्या परवानग्या 'कॉन 45' आणि 'कॉन 52' मध्ये.

पहिली अडचण नावाची. मेरी स्मिथ शेकड्याने आहेत. म्हणून नाव एकटं कधीच धरायचं नाही. नाव, जहाज आणि पोचण्याचं वर्ष हे तिन्ही जुळले पाहिजेत. एकच जहाज दोनदा येतं: 'गार्लंड ग्रोव्ह' 1841 मध्येही आलं आणि 1843 मध्येही. वर्ष सुटलं तर तुम्ही भलत्याच बाईचं आयुष्य लिहीत बसाल. वयावर विश्वास कमी ठेवावा, उंची आणि व्रण-गोंदणावर जास्त.

पान वरून खाली वाचायचं. डोक्यावर नाव, जहाज, खटल्याचं ठिकाण, तारीख आणि शिक्षा. त्याखाली गच्च अक्षरांत तिचा गुन्हा, तुरुंगाचा शेरा, तिने स्वतः सांगितलेली हकीकत आणि जहाजावरच्या डॉक्टरचा शेरा. 'ऑन द टाउन' असं लिहून पुढे महिने किंवा वर्षं असतील तर ती तितका काळ वेश्याव्यवसायात होती, असं कारकुनाने नोंदवलंय. मग गुन्ह्यांच्या ओळी: तारीख, मालकाचं नाव, गुन्हा, शिक्षा आणि शेवटी मॅजिस्ट्रेटची आद्याक्षरं. 'टी.एल.' म्हणजे टिकिट ऑफ लीव्ह, स्वतःचं काम शोधायची मोकळीक. 'सी.पी.' म्हणजे सशर्त माफी, 'एफ.सी.' म्हणजे मुदत संपल्याचा दाखला. 'हाउस ऑफ करेक्शन' लिहिलं असेल तर फॅक्टरी समजायची. एका ओळीत 'डिलिव्हर्ड ऑफ अ चाइल्ड' आणि लगेच पुढे क्राइम क्लासचे सहा महिने दिसले, तर वर सांगितलेलं सगळं त्या दोन ओळींत घडलेलं असतं.

अक्षर सुरुवातीला लागत नाही. मोडी शिकताना जसं आधी ठरलेला मायना पाठ करून मग अनोळखी शब्दांकडे वळतात, तसंच इथेही करावं: 'अ‍ॅबसेंट विदाउट लीव्ह', 'इन्सोलन्स', 'ड्रंक' हे पुन्हा पुन्हा येणारे शब्द डोळ्यात बसले की उरलेले त्यांच्या आधाराने सुटतात.

पान संपल्यावर बाई हरवते, कारण लग्नानंतर आडनाव बदलतं आणि सरकारला तिच्यात रस उरत नाही. तिथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. टास्मानियात 1838 पासून जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद आहे, त्यात नवऱ्याच्या आडनावाने शोधायचं. आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर जुनी वर्तमानपत्रं फुकट आहेत. पळून गेलेल्या बायकांच्या जाहिराती त्या काळी छापून यायच्या आणि त्यांत उंची, डोळे, कधी अंगावरचे कपडेही दिलेले असतात. तिथे तिचं लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही नावं टाकून पाहावीत, आणि पहिल्या खेपेला काही सापडलं नाही तर आडनावाची स्पेलिंग बदलून पुन्हा. कारकून ऐकू येईल तसं लिहायचे, त्यामुळे एकाच बाईची तीन-तीन स्पेलिंगं सापडतात.